वकिलाविरुद्ध वकील कुठून आणायचा?

मागच्या महिन्यात या सदरात वारसनोंदीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं, "वकिलाने दगा दिला तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते." (बार कौन्सिल म्हणजे वकिलीचा परवाना, म्हणजे सनद, देणारी आणि वकिलांच्या वागण्यावर लक्ष ठेवणारी संस्था.) त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की सातबारा आणि वारसनोंदी या वेळी बाजूला ठेवल्या आहेत. मी स्वतः छत्तीस वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात काळा कोट घातला. वकिलांविरुद्धच्या तक्रारीत तक्रारदाराच्या बाजूने काही वेळा उभी राहिले, त्याबद्दल बाररूममध्ये बरंच ऐकूनही घेतलं. तेव्हा या विषयात मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

वकीलताई, माझे पती २०२१ मध्ये डंपरच्या धडकेत गेले. अपघाताच्या दाव्यात लोकअदालतीत नऊ लाखांवर तडजोड झाली. पैसे माझ्या खात्यावर आले, पण वकीलसाहेबांनी आधीच चार कोऱ्या चेकांवर माझ्या सह्या घेतल्या होत्या. "कोर्टाच्या कामाला लागतात" म्हणाले. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, तीन चेकने सव्वादोन लाख निघालेत. विचारलं तर म्हणतात, रुपयाला चार आण्याची बोली तुमच्या सासऱ्यांशी झाली होती. सासरे आता हयात नाहीत. इथला एकही वकील माझा कागद लिहायला तयार नाही. काय करू?
एक भगिनी, जि. सांगली

ताई, पत्र खाली ठेवा आणि आधी बँकेत जा. चारांतले तीन चेक वटले, म्हणजे चौथा अजून त्यांच्या कपाटात आहे. त्या नंबरचा चेक थांबवण्याचा अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. तिथेच वटलेल्या तिन्ही चेकच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मागा. 'सेल्फ' चेक असेल तर पैसे घेणाऱ्याची सही मागच्या बाजूला असते. ती वकिलांची असो, त्यांच्या मुन्शीची असो, तुमच्या सगळ्या प्रकरणात तिच्याएवढा बोलका कागद दुसरा नाही.

आता त्या चार आण्यांच्या बोलीबद्दल. सासरे नाहीत, साक्षीदार नाही, म्हणून तुम्ही घाबरलात. पण ही बोली झाली होती असं सिद्ध झालं तर अडचण कुणाची होते? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि दाव्यातून येणाऱ्या रकमेत वाटा ठरवायचा नाही. तुमचे वकील बचाव म्हणून जे सांगतायत तेच मुळात गैरवर्तन आहे. अमेरिकेत अशी टक्केवारी चालते, आपल्याकडे नाही. हा कायदा काही काल झालेला नाही. १९५२ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका वकिलाने वसुलीतला निम्मा हिस्सा घ्यायचा करार अशिलाशी केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सहा महिन्यांसाठी निलंबित केलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९५४ पासून ते कायद्याच्या पुस्तकांत 'मिस्टर जी' या नावाने आहे. त्याचं नाव न्यायालयाने छापलं नाही, फक्त आद्याक्षर. आमच्या कॉलेजात सर विचारायचे, "जी म्हणजे कोण रे?" आणि वर्ग हसायचा. पुढे त्याच वर्गातल्या कितीतरी जणांनी अपघाताच्या केसेस टक्केवारीवर घेतल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उघड गुपित आहे. बाईमाणूस विधवा, हातात आगाऊ द्यायला पैसा नाही, वकील म्हणतो "निकाल लागल्यावर बघू". तिथपर्यंत ते उपकारासारखंच वाटतं.

म्हणून वकिलांना एक साधं पत्र लिहा, मराठीत, भांडणाचा सूर नको: "अमुक तारखांना माझ्या खात्यातून निघालेल्या रकमेचा हिशेब लेखी द्यावा." स्पीड पोस्टाने पाठवा. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि मागितला की त्याची प्रत देणं हे वकिलावर नियमानेच बंधनकारक आहे. उत्तरात त्यांनी चार आण्यांची बोली लिहून दिली तर तुमचं अर्धं काम झालं. उत्तरच दिलं नाही तर तेही कागदावर राहतं.

मग तक्रार. वकिलाची सनद राज्याच्या बार कौन्सिलच्या पटावर असते, त्यामुळे तक्रारही तिथेच. आपल्यासाठी ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, कार्यालय मुंबईत. अर्जावर सही हवी, दाव्यावर असतो तसा सत्यापनाचा, म्हणजे 'वर लिहिलेलं खरं आहे' असा मजकूर हवा, कागदांच्या प्रती हव्यात, ठरलेली फी हवी. अर्ज मराठीत चालतो. राज्यभाषेतली तक्रार घ्यावी असं नियमातच आहे. प्रकरण दिल्लीला गेलं तर इंग्रजी भाषांतर कौन्सिलने करायचं, तुम्ही नाही.

अर्ज गेला की कौन्सिल आधी एवढंच बघते की यात तथ्य दिसतंय का. दिसलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समिती तिघांची. दोन कौन्सिलचे सदस्य, तिसरा बाहेरचा अनुभवी वकील. साक्षीदार बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवणं हे अधिकार तिला दिवाणी कोर्टासारखे आहेत. उलटतपासणीही होते, तयारीने जा. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये लिहिलंय की एका वर्षात निकाल व्हावा, नाही झाला तर प्रकरण आपोआप दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा बजावलं की हे वर्ष राज्य कौन्सिलांनी पाळावं. पुन्हा बजावावं लागलं, यातच काय ते समजा.

समिती काय करू शकते? तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, काही काळासाठी सनद निलंबित करू शकते, किंवा नाव कायमचं पटावरून काढू शकते. या यादीत "सव्वादोन लाख परत द्या" हे कुठेही नाही. लोक इथेच फसतात. तीन वर्षं मुंबईला खेपा घालून समोरच्याला ताकीद मिळते आणि तक्रारदार विचारतो, "माझे पैसे?" पैशासाठी दिवाणी दावा वेगळा करावा लागेल, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तारखा मोजून ठेवा. विश्वासाने दिलेले चेक असे वापरले असतील तर पोलिसांत फौजदारी तक्रारही होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ विश्वासघाताबद्दल आहे. तिन्ही रस्ते एकाच वेळी चालू ठेवता येतात.

तक्रार गेल्यावर बहुधा एक मध्यस्थ घरी येईल. मुन्शी असेल, गावचा कुणी पुढारी असेल. लाखभर रुपये देतो, अर्ज मागे घ्या. पैसे तुमचेच आहेत, मिळत असतील तर जरूर घ्या, पावती देऊन आणि बँकेतून. पण कोऱ्या कागदावर सही नको, एकदा अनुभव घेतलाय तुम्ही. आणि त्यांना सांगून ठेवा, तक्रारदाराने माघार घेतली किंवा तडजोड झाली एवढ्याच कारणावर चौकशी बंद करता येत नाही, असा नियम आहे. बऱ्याच वकिलांनाही तो माहीत नसतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, इथला वकील कागद लिहीत नाही. नाहीच लिहिणार. ज्या बाररूममध्ये रोज एकत्र चहा प्यायचा तिथल्या माणसाविरुद्ध वकीलपत्र घालणं सोपं नसतं. मी घातलं तेव्हा आठ महिने माझ्या टेबलाशी कुणी बसलं नाही. दुसऱ्या जिल्ह्यातला वकील बघा, किंवा जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. आणि खरं सांगू, तक्रारीचा अर्ज तुम्ही स्वतःही लिहू शकता. हे पत्र लिहिलंय ना, तसाच. तारखा घाला, रकमा घाला, रागाचे शब्द काढा.

जमिनीच्या वाटपाचा दावा. वकील बदलायचा आहे. जुने वकील म्हणतात, पस्तीस हजार बाकी द्या, मगच फाईल आणि एनओसी. फाईलमध्ये आजोबांच्या वेळचं मूळ खरेदीखत आहे. पुढची तारीख तोंडावर आहे.
एक वाचक, निफाड

फाईल अडवता येत नाही. गिरणीवाला पीठ अडवेल, सोनार डाग अडवेल, वकिलाला अशिलाचे कागद फीपोटी अडवायचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे ठरवलं. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या कायदा सल्लागाराने ९७,१०० रुपये फी बाकी म्हणून बँकेच्या फायली ठेवून घेतल्या होत्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याची वकिली अठरा महिने बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कमी करून ताकिदीवर आणली, कारण तोवर कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता. आता तो स्पष्ट आहे, त्यामुळे ती सवलत तुमच्या वकिलांनी धरून चालू नये.

पण तुमच्याही बाजूला एक प्रश्न आहे. पस्तीस हजार खरंच बाकी आहेत का? पत्रात तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही. काम झालेलं असेल तर द्या, हप्त्याने द्या. फी बुडवण्यासाठी वकील बदलणारे अशीलही मी खूप पाहिलेत. फीचा वाद वेगळा आणि फाईल वेगळी, एवढंच माझं म्हणणं.

एनओसीचं म्हणाल तर नव्या वकिलाने जुन्याची संमती घ्यावी ही रीत नियमातच आहे. जुने देत नसतील तर कारण सांगून कोर्टाची परवानगी मागायची, कोर्ट सहसा देतं. तारखेला स्वतः हजर राहा, अर्ज द्या. आणि खरेदीखताची नोंदणी झालेली असेल तर दुय्यम निबंधकांकडून त्याची प्रमाणित नक्कल आजच मागवून ठेवा, म्हणजे भांडताना हात मोकळे राहतील.

घटस्फोटाच्या केसमध्ये नवऱ्याच्या वकिलाने भर कोर्टात माझ्या चारित्र्यावर घाण प्रश्न विचारले. त्याच्या सनदेविरुद्ध तक्रार करता येईल का?
एक वाचक, पुणे

बाई, तुमचा संताप मला कळतो. तक्रार टिकणं मात्र कठीण आहे. प्रतिपक्षाचा वकील तुमचा वकील नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्याच प्रकरणांत सांगितलं की अशील-वकील असं नातं नसताना समोरच्या पक्षाने केलेल्या तक्रारी सर्वसाधारणपणे चालवू नयेत. यातल्या एका प्रकरणात वकिलाने प्रतिज्ञापत्रावर फक्त ओळख पटवल्याची सही केली होती, मजकूर अशिलाचा होता.

तुमचा खरा उपाय त्याच क्षणी, त्याच कोर्टात होता. निव्वळ बदनामीसाठी विचारलेला, अश्लील किंवा अपमानास्पद प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात. तुमच्या वकिलाने उठून हरकत घ्यायला हवी होती. ती घेतली का, आणि नसेल तर का नाही, हे त्यांना विचारा. पुढच्या तारखेला बंद दाराआड सुनावणीचा अर्ज द्यायला सांगा.

आमचं अपील वकील गैरहजर म्हणून काढून टाकलं गेलं. आम्हाला सात महिन्यांनी कळलं. ग्राहक मंचात वकिलांवर भरपाईचा दावा टाकावा असं भाऊ म्हणतो.
एक शेतकरी, लातूर

भावाला सांगा, तो दरवाजा बंद झालाय. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ती येते असं म्हटलं होतं, म्हणून लोकांच्या डोक्यात अजून ते बसलंय.

तुमच्या पत्रात राग वकिलावर आहे, पण मला काळजी अपिलाची वाटते. ते परत दाखल करून घेण्याचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. ते गेले. आता उशीर माफ करण्याच्या अर्जासह करावा लागेल, आणि रोज जाणारा दिवस त्या उशिरात भर घालतोय. वकिलाच्या चुकीची सजा अशिलाला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटलं होतं. त्या प्रकरणात खर्चाचे २०० रुपये गैरहजर वकिलाकडूनच वसूल करायला सांगितले. पण अलीकडे न्यायाधीश विचारतात, सात महिने तुम्ही स्वतः काय करत होता? उत्तर तयार ठेवा, खरं ठेवा. वकील "तारीख पडली" म्हणत राहिले असतील तर त्यांचे मेसेज जपून ठेवा.

हे गैरवर्तन आहे का? इथे मी तुम्हाला माझीच गोष्ट सांगते. १९९४ मध्ये माझ्या डायरीत एक तारीख चुकली. अकरा लिहायची ती सतरा लिहिली. सतराला कोर्टात गेले तर बोर्डावर केस नाही. शिरस्तेदारांनी रोजनामा दाखवला, "वादी व वकील गैरहजर, दावा काढून टाकला." अशील होते एक निवृत्त मास्तर. मी दुपारच्या एसटीने त्यांच्या गावी गेले. मास्तर पडवीत शेंगा सोलत होते. सांगितलं, चूक माझी आहे, अर्ज मी करते, खर्च माझा. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही फोनवरून सांगितलं असतं तर मी वकील बदलला असता." अर्ज मंजूर झाला. दोनशे रुपये खर्च भरला, तेव्हाचे.

चूक होणं म्हणजे गैरवर्तन नव्हे, असंच कायदाही मानतो. कौन्सिलपुढे साधा हलगर्जीपणा सहसा टिकत नाही, त्यात बेइमानी किंवा बेफिकिरीचा कळस दिसावा लागतो. तुमच्या प्रकरणात माझा काटा गैरहजेरीवर अडत नाही, तो पुढच्या सात महिन्यांवर अडतो. अपील गेल्याचं त्यांना माहीत होतं का, आणि माहीत असून "तारीख पडली" म्हणून तुमच्याकडून खर्चाला पैसे घेतले का? घेतले असतील तर तक्रार करा, मी तुमच्या बाजूने आहे. त्यांनाच माहीत नसेल तर आधी अपील वाचवा.

यापुढे एक करा. प्रत्येक केसला सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि आज काय झालं ते दिसतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला महिन्यातून एकदा बघायला लावा.

मॅडम, दोन वर्षांची सनद आहे. वरिष्ठ म्हणतात इन्स्टाग्रामवर रील टाक, "घटस्फोट तज्ज्ञ" लिही, त्याशिवाय आजकाल केसेस येत नाहीत. हे गैरवर्तन होतं का? सगळेच करतात.
एक ज्युनिअर, कोल्हापूर

सगळेच करतात हा बचाव शिस्तपालन समितीपुढे मी पुष्कळदा ऐकलाय, चाललेला कधी ऐकला नाही.

वकिलाने प्रत्यक्ष किंवा आडून जाहिरात करायची नाही, दलाल ठेवायचे नाहीत. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची, तीवर बार असोसिएशनचा अध्यक्ष, माजी न्यायाधीश, अमुक विषयाचा तज्ज्ञ असं काही लिहायचं नाही. २००८ पासून स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, सनदेचा तपशील आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. २०२५ च्या मार्चमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने रील आणि जाहिराती करणाऱ्या वकिलांना पत्रक काढून खडसावलंय. कायद्याची माहिती सांगायला बंदी नाही. पण शेवटी "संपर्क साधा" आणि नंबर आला की ती माहिती राहत नाही.

तुमच्या वरिष्ठांना वाटतं हे इन्स्टाग्रामने सुरू झालं. त्यांना १९७५ चं बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर वाचायला द्या. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टात काही वकील दारातच उभे राहायचे, येणाऱ्या पक्षकाराचा हात धरून ओढायचे, एकमेकांपेक्षा कमी फी सांगायचे, प्रसंगी झोंबाझोंबी. राज्य कौन्सिलने त्यांना दोषी धरलं, दिल्लीच्या समितीने नियमाचा कीस काढून सोडलं, आणि राज्य कौन्सिलला अपील करायचा हक्क आहे का यावरच सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीश बसले. आहे, असं त्यांनी सांगितलं. नंतर न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या वागण्यावर कोरडे ओढले.

मला पहिल्या दोन वर्षांत एकूण सात केसेस मिळाल्या, त्यातल्या तीन नात्यातल्या. तिसऱ्या वर्षी शेजारच्या टेबलावरचे वकील आजारी पडले, त्यांच्या तारखा मी फुकट सांभाळल्या. ते परत आले तेव्हा त्यांच्या चार अशिलांनी माझं नाव लिहून घेतलं होतं. माझी पाटी बारा बाय अठरा इंचांची, पत्र्याची, पावसाने तिच्यावरचं 'बी.ए.' पुसलं गेलं, 'एलएल.बी.' तेवढं राहिलं. मी ते कधी रंगवून घेतलं नाही.